प्रतिसाद: डकोरममध्ये घर घ्यावं का?

वर वॉटफर्डवाल्या ताईंनी ‘डकोरम म्हणजे हेमेल हेम्पस्टेडच ना?’ असं विचारलंय. नाही हो! ते इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यातल्या, १९७४ला झालेल्या अख्ख्या तालुक्याचं नाव. हेमेल, बर्कमस्टेड, ट्रिंग आणि मधली खेडी, सगळं त्यात येतं.

हेमेल १९४७ला ‘न्यू टाउन’ (सरकारने आखून वसवलेलं नवं शहर) ठरलं, म्हणून घरं आटोपशीर आणि पार्किंगची मारामारी कमी. तिथला जादूचा चौक (‘मॅजिक राउंडअबाउट’) मात्र जपून: सहा छोटी राउंडअबाउट एका मोठ्याभोवती, आणि मधल्या वर्तुळातून उलटंही जाता येतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बायकोने डोळेच मिटून घेतले होते.

बर्कमस्टेड देखणं, कालवा आणि पडका किल्ला स्टेशनाला लागूनच. पण किमती ऐकून घाम फुटतो. ट्रिंगला घर बघणार असाल तर आधी स्टेशनपर्यंत चालून बघा, ते गावाबाहेर जवळजवळ ३ किलोमीटरवर आहे. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडला की ते अंतर दुप्पट होतं.

आणि पाणी! इथले चिल्टर्नचे डोंगर खडूचे, म्हणून पाणी जड, त्यामुळे किटलीत पांढरे पापुद्रे धरतात आणि चहावर साय यावी तसा तवंग येतो. फिल्टर घ्याच.