दहा दिवसांच्या दूध बिलात लिटर दुप्पट-तिप्पट येतायत, जॉईन कुठे चुकतोय?

चिकोडी_डेअरी

नमस्कार मंडळी. चिकोडी, हुक्केरी आणि निपाणी तालुक्यांतल्या गावोगावच्या संकलन केंद्रांचा डेटा एका एसक्यूएल सर्व्हर २०१९ डेटाबेसवर येतो. त्यावरून दर दहा दिवसांचं बिल काढायचंय: १ ते १०, ११ ते २०, आणि २१ ते महिनाअखेर.

टेबलं तीन. सभासद. संकलन, म्हणजे दर पावतीला एक ओळ: केंद्र, सभासद क्रमांक, तारीख-वेळ, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, रक्कम. आणि कपात: पशुखाद्य, उचल, औषधपाणी वगैरे.

क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) सभासद टेबलाला संकलन आणि कपात दोन्ही लेफ्ट जॉईन केलेत, म्हणजे जुळणारी ओळ नसली तरी सभासद राहायला हवा. व्हेअरमध्ये, म्हणजे अटींत, दोन्ही तारखांवर बिटवीन (या तारखेपासून त्या तारखेपर्यंत) आहे, आणि ग्रुप बाय, म्हणजे बेरजेचे गट, सभासद क्रमांकावर. जुलै २०२५ च्या पहिल्या बिलात असं दिसतंय:

काहींचे लिटर तिप्पट, काहींचे दुप्पट, काहींचे बरोबर. ज्यांची काहीच कपात नाही ते सभासद यादीतूनच गायब. आणि १० तारखेचं दूध कुणाच्याच बिलात नाही.

सम डिस्टिंक्ट लावून पाहिलं तर लिटर कमी झाले, पण केंद्राच्या वहीतल्या बेरजेपेक्षाही खाली गेले. सुरुवात कुठून करू?

निपाणी_एसक्यूएल

दादा, आधी तो डिस्टिंक्ट काढा. त्याने दुखणं बरं होत नाही, झाकलं जातं. सम डिस्टिंक्ट सारखे आकडे एकदाच धरतो. एखाद्याने सकाळी ४.५ लिटर घातलं आणि संध्याकाळीही ४.५, तर बेरीज ९ न येता ४.५ येणार. म्हणून वहीपेक्षा कमी दिसतंय.

लिटर फुगण्याचं कारण जॉईनमध्येच आहे. एका सभासदाच्या दहा दिवसांत २० पावत्या आहेत आणि ३ कपाती आहेत असं धरा. संकलन आणि कपात यांचा एकमेकांशी थेट संबंध काहीच नाही, दोघांना जोडणारा फक्त सभासद. त्यामुळे प्रत्येक पावती प्रत्येक कपातीशी जोडली जाते आणि २० गुणिले ३, म्हणजे ६० ओळी होतात. खरे लिटर ९२.५ असतील तर २७७.५ दिसतील. २७७.५ ला ९२.५ ने भागा, बरोबर ३ येतात, म्हणजे कपातींची संख्या. भागाकार असा पूर्णांकात आला की दोष जॉईनचाच, डेटा शोधत बसू नका.

आणि कपातीचा आकडा बघितलात का? १४५० पशुखाद्य, ५०० उचल, १२० औषध, मिळून २०७०. तो २० पटीने फुगून ४१,४०० होतो. तुम्हाला लिटर आधी दिसले, पण पैशाचं नुकसान इथे जास्त आहे.

उपाय: जॉईनच्या आधी बेरीज. विथ लिहून दोन तुकडे करा. पहिल्या तुकड्यात फक्त संकलन, त्या दहा दिवसांच्या तारखा तिथेच लावायच्या आणि सभासदागणिक एकच ओळ काढायची: लिटर, रक्कम. दुसऱ्यात फक्त कपात, तारखा तिथेच, सभासदागणिक एकच ओळ. मग सभासद टेबल धरून दोन्ही तुकडे लेफ्ट जॉईन करा. आता एकाला एकच ओळ भेटते, फुगायला जागाच नाही.

गायब सभासदांचाही प्रश्न यातच सुटतो. लेफ्ट जॉईनमध्ये ज्याला कपात नाही त्याची कपात-तारीख नल, म्हणजे रिकामी, असते. व्हेअरमध्ये नलची तुलना केली की ना खरं ना खोटं, आणि ती ओळ गळते. लेफ्ट जॉईन लिहिला असला तरी तो इनर जॉईन (दोन्हीकडे जुळलेल्याच ओळी ठेवणारा) होऊन बसतो. अट तुकड्याच्या आत नेली की हे होत नाही. शेवटच्या सिलेक्टमध्ये कोअलेस घालून नलच्या जागी शून्य करा, नाहीतर रक्कम वजा नल म्हणजे नल, आणि निव्वळ देय कोरं छापलं जाईल.

ज्याचं दूध नाही पण उचल बाकी आहे त्याचं निव्वळ देय उणे येईल. त्याला शून्य करून मोकळं होऊ नका, बाकी म्हणून पुढच्या बिलात ओढा.

रायबाग_बॅकएंड

वरचं सगळं बरोबर, पण ग्रुप बाय नुसत्या सभासद क्रमांकावर आहे हे बघून घ्या की! सभासद क्रमांक प्रत्येक केंद्राचा आपापला असतो. ४७ नंबर सदलग्यातही असणार आणि संकेश्वरातही. तुमच्या क्वेरीत हे दोघे एकच माणूस होतात. जॉईन आणि ग्रुप बाय दोन्हीकडे केंद्र आणि सभासद क्रमांक अशी जोडी वापरा. सभासद टेबलाची प्रायमरी कीसुद्धा (ओळीची एकमेव ओळख) याच जोडीवर हवी.

दुसरं, नेट गेलं की केंद्रावरचं मशीन तीच बॅच पुन्हा पाठवतं. केंद्र, तारीख, वेळ, पावती क्रमांक यांवर युनिक कन्स्ट्रेंट ठेवा, म्हणजे तीच ओळ दुसऱ्यांदा घेतली जाणार नाही. सभासद क्रमांकावर ठेवू नका, कारण गाय आणि म्हैस दोन्ही असलेला एकाच वेळेला दोन पावत्या करतो.

अथणी_बीआय

१० तारखेचं सांगतो. कॉलम डेटटाईम (तारीख आणि वेळ एकत्र) असला की बिटवीनमधली १० जुलै म्हणजे १० जुलैची मध्यरात्र, ००:००. सकाळचं संकलन साडेसहाला, म्हणून ते बाहेर. बिटवीन सोडा आणि असं लिहा: तारीख १ जुलै किंवा नंतरची, आणि ११ जुलैच्या आधीची. पहिल्याला "मोठी किंवा बरोबर", दुसऱ्याला नुसतं "लहान". महिनाअखेरच्या बिलालाही हेच, पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आधीचं. मग महिना ३० चा की ३१ चा, फेब्रुवारी २८ चा की २९ चा, बघावंच लागत नाही.

काही जण २३:५९:५९.९९९ लिहितात. ते टाळा. डेटटाईम प्रकार मिलिसेकंद ०, ३, ७ वर गोल करतो, त्यामुळे .९९९ लिहिलं की ती पुढच्या दिवसाची मध्यरात्र होते.

याहून धोक्याची गोष्ट तारीख लिहिण्याची. लॉगिनची भाषा ब्रिटिश इंग्लिश असेल तर डेटटाईमला २०२५-०७-०१ असं डॅश घालून दिलेलं वर्ष-दिवस-महिना असं वाचलं जातं. १ जुलैचा ७ जानेवारी होतो आणि १० जुलैचा ७ ऑक्टोबर. क्वेरी चूक दाखवत नाही, निमूटपणे नऊ महिन्यांचं दूध आणते. डॅश न घालता सलग आठ आकडी लिहा, २०२५०७०१ (क्वेरीत आकडे अर्थात इंग्रजी). हे रूप कुठल्याही भाषेच्या लॉगिनला एकच वाचलं जातं.

पॉवर बीआय या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच घोळ एक्सेल फाईल ओढताना होतो, ०५/०७ (५ जुलै) चा ७ मे. त्यातल्या पॉवर क्वेरीत कॉलमचा प्रकार बदलताना "युजिंग लोकेल" घ्या आणि इंग्लिश (इंडिया) निवडा.

चिकोडी_डेअरी

दोन तुकडे केले, जोडी लावली, तारखा बदलल्या. केंद्रनिहाय लिटर आता वहीशी जुळतात. मनापासून आभार.

आता नावांचं. काही सभासदांची नावं मराठीत आहेत, काहींची कन्नडात. छापताना काही ठिकाणी प्रश्नचिन्हं येतात, काही ठिकाणी चौकोन, आणि दोन जुन्या केंद्रांची नावं तर इंग्रजी अक्षरांचा भलताच गुंता दिसतात. शिवाय गावनिहाय बेरीज केली की एकच गाव तीनदा येतं.

खानापूर_डेटा

ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत, एकच औषध तिन्हीला चालणार नाही. कुठलं कुठे आहे ते ओळखायला युनिकोड हे फंक्शन नावावर चालवा, ते पहिल्या अक्षराचा क्रमांक देतं. २३०४ ते २४३१ आलं तर देवनागरी नीट साठलंय. ३२०० ते ३३२७ आलं तर कन्नड नीट साठलंय. ६३ आलं तर तिथे खरोखरच प्रश्नचिन्ह साठलंय.

६३ वाली नावं परत मिळत नाहीत. कॉलम व्हारचार (युनिकोड नसलेला मजकूर-प्रकार) होता किंवा नाव पाठवताना अवतरणाच्या आधी मोठं एन अक्षर नव्हतं, म्हणून अक्षरं साठवतानाच गेली. कॉलम एनव्हारचार (युनिकोड मजकूर-प्रकार) करा, स्टोअर्ड प्रोसिजरचे (डेटाबेसात साठवलेल्या प्रोग्रामचे) पॅरामीटरही एनव्हारचार करा (हेच बहुतेक वेळा राहून जातं), आणि मग ती नावं सभासद अर्जावरून पुन्हा भरून घ्या. नुसता कॉलम बदलून जुनी नावं सुधारत नाहीत. लांबीही हात सैल सोडून द्या. "लक्ष्मी" दिसायला दोन अक्षरं, पण साठवताना सात: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी. बाप-आजाचं नाव आणि आडनाव धरून एनव्हारचार २० पुरत नाही, १०० ठेवा.

चौकोन येतात तिथे डेटा चांगला आहे, फॉन्ट तोकडा आहे. मंगल फॉन्टमध्ये कन्नड नाही, तुंगामध्ये देवनागरी नाही. आपल्याकडे एकाच पानावर दोन्ही लिप्या येणार, तेव्हा निर्मला यूआय वापरा, त्यात दोन्ही आहेत. पीडीएफ रिपोर्ट सर्व्हरवर तयार होत असेल तर फॉन्ट त्या मशीनवर हवा, तुमच्या टेबलावरच्या संगणकावर असून उपयोग नाही.

इंग्रजी गुंता म्हणजे ती नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप झालीत. मराठी असेल तर श्रीलिपीसारखं, कन्नड असेल तर जुनं नुडी किंवा बरह. ज्या फॉन्टचं आहे त्याच्याच कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, आणि प्रत्येक केंद्राचं वेगळं चालवा. एका फॉन्टचा कन्व्हर्टर दुसऱ्याच्या मजकुरावर चालवला तर आणखी बिघडेल.

गावाचं म्हणाल तर नावावर ग्रुप बाय करूच नका. निपाणी आणि निप्पाणी, चिकोडी आणि चिक्कोडी, दोन्ही लोक लिहिणारच, आणि दोन्ही बरोबरच आहेत. बेळगावचं सरकारी इंग्रजी स्पेलिंग १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं, तेव्हा जुन्या-नव्या डेटात शहरं दोन होतात. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे. तो गाव टेबलाची की करा, आणि शेजारी एक छोटं टेबल ठेवा ज्यात जितकी रूपं सापडतील तितकी त्या कोडला बांधलेली. छापायला मराठी नाव, कन्नड नाव असे दोन कॉलम ठेवा. सभासदाला ज्या लिपीत बिल हवं त्या लिपीत मिळालं पाहिजे.

एक्सेलला सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाईल) देत असाल तर डबल क्लिक करून उघडू नका. डेटा टॅबमधून "फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही" घ्या, फाईल ओरिजिनमध्ये ६५००१ (युनिकोड, यूटीएफ-८) निवडा, आणि सभासद क्रमांक टेक्स्ट ठेवा, नाहीतर ००४७ चा ४७ होईल.

अथणी_बीआय

ताईंनी सगळंच मांडलं. बिलावर सरासरी फॅट छापणार असाल तर एक राहिलंच. साधा अ‍ॅव्हरेज घेऊ नका. सकाळी ४.५ लिटर ६.८ फॅटने आणि संध्याकाळी २ लिटर ७.४ ने, तर साधी सरासरी ७.१० येते. खरी येते लिटर गुणिले फॅटची बेरीज, भागिले लिटरची बेरीज: ४५.४ भागिले ६.५, म्हणजे ६.९८. पॉवर बीआयमध्ये समएक्स (ओळीओळीने गुणून बेरीज) वापरून डिव्हाईड करा, आणि मेजरच करा, म्हणजे हिशोब दर वेळी समोरच्या ओळींवरून नव्याने होतो. कॉलममध्ये काढून ठेवलं की केंद्राच्या ओळीवर सरासरीची सरासरी निघते आणि पुन्हा चुकतं.

निपाणी_एसक्यूएल

आणि रक्कम पुन्हा मोजू नका, साठवलेली रक्कमच बेरजेला घ्या. ४.५ लिटर गुणिले ५८.३७ म्हणजे २६२.६६५. पावतीवर २६२.६७ छापलं गेलं. बिलात लिटर गुणिले दर पुन्हा करून शेवटी एकदाच गोल केलं तर पावतीमागे अर्ध्या पैशापर्यंत फरक पडतो, २० पावत्यांना दहा पैशांपर्यंत. रक्कम आणि दर डेसिमलमध्ये (नेमका दशांश) ठेवा, फ्लोटमध्ये (अंदाजे आकडा) नको. सभासदाच्या हातात वीस पावत्या असतात आणि तो त्यांची बेरीज करूनच बिल तपासतो, तेव्हा तुमची बेरीजही त्याच वीस आकड्यांची हवी.