डिस्टिलरीतील कार्बन डायऑक्साइडपासून कार्बन मोनॉक्साइड: ५ चौरस सेंटिमीटरच्या घटापासून रोज एक टनापर्यंत

प्रश्न | मळीवाला, शहादा

नमस्कार. मी शहादा तालुक्यातील एका डिस्टिलरीत रसायन अभियंता आहे. आमची क्षमता रोज ३०,००० लिटर अल्कोहोलची असून किण्वनाच्या टाक्यांमधून दिवसाला सुमारे साडेबावीस टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातील थोडा भाग विजेच्या साहाय्याने कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलून रोज एक टन उत्पादन घेता येईल का, असे व्यवस्थापनाने विचारले आहे.

चाचणीसाठी आम्ही एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ५ चौरस सेंटिमीटरचा घट (विजेने रासायनिक बदल घडवणारा सेल) जोडला. कॅथोडला चांदीचा लेप दिलेला कार्बन पेपर, मध्ये फक्त ऋण आयन आरपार जाऊ देणारे मेम्ब्रेन (पातळ पडदा) आणि अ‍ॅनोडच्या बाजूला १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड अशी रचना होती. १ अँपिअरला ३ व्होल्टवर घट तीन तास उत्तम चालला. त्यानंतर वायूच्या प्रवेशाशी दाब चढू लागला आणि कार्बन मोनॉक्साइड घटून हायड्रोजन वाढला. उघडून पाहिले तेव्हा कार्बन पेपरच्या मागील बाजूस पांढरा थर दिसला, अगदी केळीच्या बागेत ठिबकच्या ड्रिपरच्या तोंडाशी जमतो तसा. ठिबकला आपण आम्लप्रक्रिया करतो, तशी येथे करावी का? आणि पुढे प्लेट मोठी करावी की प्लेटांची संख्या वाढवावी?

उत्तर | गिरणाकाठ, जळगाव

मळीवाला भाऊ, माझा अनुभव कॉस्टिक सोड्याच्या घटांचा आहे, म्हणून आकारमानापुरतेच लिहितो. कार्बन मोनॉक्साइडच्या प्रत्येक रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, त्यामुळे दिवसाला एक टनासाठी एकूण सुमारे ८०,००० अँपिअर धारा हवी. आपल्या चाचणीतील २०० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर ही घनता कायम ठेवली, तर ४० चौरस मीटर क्षेत्र लागते आणि दहा टक्के धारा हायड्रोजनमध्ये जाते असे धरले, तर ४४. म्हणजे एक चौरस मीटरच्या ४४ प्लेटा एकामागून एक जोडलेला स्टॅक, २,००० अँपिअर आणि सुमारे १३२ व्होल्ट.

प्लेट उंच करण्याचा मोह आवरावा. कॅथोडच्या बाजूला द्रव वाहता ठेवला, तर एक मीटर उंचीच्या स्तंभाचा तळाशी दाब सुमारे ९८ मिलिबार भरतो. कार्बन पेपरची छिद्रे इतका दाब सहसा पेलत नाहीत. खाली पाणी आत शिरते आणि वर वायू द्रवात निसटतो. ऑक्सिजनवर चालणाऱ्या कॅथोडच्या कॉस्टिक घटांतही हीच अडचण होती. आपल्या घटात कॅथोड मेम्ब्रेनला थेट चिकटलेला आहे, तो तसाच ठेवावा.

दुसरी बाब उष्णतेची. या अभिक्रियेला स्वतःची उष्णता सांभाळण्यापुरते सुमारे १.४७ व्होल्ट पुरतात. आपण ३ व्होल्ट देत आहात, म्हणजे निम्मी वीज केवळ घट तापवते. चाचणी-घटात हे जाणवतही नाही, परंतु रोज एक टनाला ती सव्वाशे किलोवॅटच्या पुढे जाते. मे महिन्यात आपल्याकडील हवा तापलेली असली तरी कोरडी असते, त्यामुळे कूलिंग टॉवर चांगलाच चालतो. खरा प्रश्न त्यात उडून जाणाऱ्या पाण्याचा आहे.

उत्तर | तापीकाठ, भुसावळ

ड्रिपरची उपमा दिसण्यापुरती बरोबर आहे, पण उपाय वेगळा. ड्रिपरमध्ये प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेट असते, ते आम्लाशिवाय सुटत नाही. आपला थर पोटॅशियम बायकार्बोनेटचा आणि काही प्रमाणात कार्बोनेटचा असणार. तो साध्या शुद्ध पाण्यात विरघळतो. आम्लाने नुकसानच होईल.

तो जमतो कसा, हे पाहिले म्हणजे घटाची रचनाही ठरते. कार्बन मोनॉक्साइडच्या एका रेणूबरोबर दोन हायड्रॉक्साइड आयन तयार होतात आणि ते लगेच आणखी एक कार्बन डायऑक्साइड पकडून कार्बोनेट बनतात. ते मेम्ब्रेन ओलांडून अ‍ॅनोडला जाते व तेथे ऑक्सिजनबरोबर पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते. म्हणून अशा घटात जास्तीत जास्त निम्माच कार्बन उपयोगी पडतो. तांब्याचा कॅथोड वापरून इथिलीन केले, तर एक चतुर्थांशच. शोधनिबंधांत या तोट्याची फार चर्चा असते, परंतु एक टनासाठी ३.१४ टन वायू लागला तरी आपल्याकडे साडेबावीस टन पडून आहे. ती चिंता आपण बाजूला ठेवावी, असे माझे मत आहे.

चिंता पोटॅशियमची करावी. १ मोलर हायड्रॉक्साइडऐवजी ०.१ मोलर पोटॅशियम बायकार्बोनेट वापरावे (ते हायड्रॉक्साइड हळूहळू बायकार्बोनेट होतेच), येणारा वायू ओला करावा आणि दाब चढण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने वायूच्या वाहिन्यांत शुद्ध पाणी सोडून धुवावे. मात्र बायकार्बोनेटमध्ये निकेलचा अ‍ॅनोड टिकत नाही, इरिडियम ऑक्साइडकडे वळावे लागते आणि ते महाग आहे. तसेच किण्वनाच्या वायूतील गंधकाची संयुगे चांदीला निकामी करतात. पाण्याने धुण्याबरोबर सक्रिय कोळशाचा थरही हवा.

७०० ते ८५० अंशांवर चालणाऱ्या घन ऑक्साइड घटात (त्यात द्रवाऐवजी सिरॅमिकचा थर असतो) कार्बोनेटच नसते. मंगळावर ‘पर्सिव्हरन्स’ गाडीतील ‘मॉक्सी’ या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात याच तत्त्वाने १२२ ग्रॅम ऑक्सिजन तयार केला. परंतु असे घट रोज थंड करून पुन्हा तापवणे त्यांना मानवत नाही.

उत्तर | पांझराकाठ, धुळे

सर्वांनी घटाविषयी लिहिले, विजेविषयी कोणी लिहिले नाही. ३ व्होल्ट आणि नव्वद टक्के कार्यक्षमता धरली, तर टनाला सुमारे ६,४०० युनिट लागतात. भारतीय ग्रिडची वीज घेतली, तर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे साडेचार टन बाहेर पडतील आणि त्या बदल्यात आपण १.५७ टन वापराल. आमच्या साक्री तालुक्यात सौर आणि पवन दोन्ही प्रकल्प आहेत, पण सूर्यावर चालायचे, तर घट रोज सायंकाळी थांबणार आणि एक टनासाठी स्टॅक तीन-चार पट मोठा लागणार. गाळप हंगामात बगॅसची वीज असेल, तर आरंभ तेथून करावा.

दुसरे, हा वायू घेणार कोण? तो सिलिंडरमध्ये भरून दूर पाठवणे परवडणारे नाही, शिवाय तो विषारी असून त्याला वासही नसतो. जागेवरच हायड्रोजनबरोबर मिथेनॉल करायचे असेल, तर कॅथोडला निघणारा थोडा हायड्रोजन दोष राहत नाही. उरलेला पाण्याच्या साध्या इलेक्ट्रोलायझरमधून घ्यावा. मेम्ब्रेन फाटल्यास ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड एकत्र येतात, म्हणून पहिल्या दिवसापासून गळती-सूचक आणि आपोआप वीज तोडण्याची सोय ठेवावी.

मळीवाला, शहादा

आपणा सर्वांचा आभारी आहे. व्यवस्थापनाला विजेचा हिशेब आधी दाखवतो. घट ०.१ मोलर बायकार्बोनेटवर घेऊन दर तासाला दोन मिनिटे पाण्याने धुण्याची चाचणी पुढच्या आठवड्यात लावत आहे. तापीकाठ साहेब, धुताना वीज पूर्ण बंद करावी की थोडी धारा चालू ठेवावी?

तापीकाठ, भुसावळ

थोडी चालू ठेवावी. धारा पूर्ण थांबली की कॅथोडचे विभव बदलते आणि उत्प्रेरकाची रचना बिघडू शकते. धुऊन झाल्यावर वायूने वाहिन्या कोरड्या करून मगच पूर्ण धारा द्यावी.