प्लॉट नंबर रोमनमध्ये कशाला?

तापीकाठ (धागाकर्ता)

जळगाव-धुळ्याकडच्या नव्या कॉलन्यांत एक टूम निघालीय. फाटकावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी आणि तिच्यावर प्लॉट नंबर रोमन आकड्यांत. लग्नपत्रिकेवरची तारीखही आता तशीच यायला लागली. माझं म्हणणं एवढंच, की जो आकडा दुसऱ्या कोणाला शोधायचा, सांगायचा किंवा उतरवून घ्यायचा असतो, तो रोमनमध्ये लिहू नये.

३८ घ्या. आपल्याकडे दोन अंकांत काम झालं. रोमनमध्ये एक्स, एक्स, एक्स, व्ही, आय, आय, आय. (देवनागरीत टंकतोय, म्हणून अक्षरांची नावंच लिहितो.) मोजा, सात झाली. ३९ ला पाच लागतात आणि ४० ला एक्स-एल, फक्त दोन. नंबर वाढतो तशी पाटी आखूड होते! १८८८ हे साल लिहायला तेरा अक्षरं, २००० ला दोन एम पुरे. चार अंक दिसले म्हणजे आकडा हजारांच्या घरातला, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. रोमनमध्ये लांबीवरून काहीच कळत नाही.

आणि बोलताना रोमन कोणीच बोलत नाही. फोनवर तो बंगलेवाला स्वतःसुद्धा 'अडतीस नंबर' असंच सांगतो. ऐकणारा मग ३८ शोधतो आणि त्याच फाटकासमोरून दोनदा पुढे जातो. पार्सल असेल तर चालून जाईल. रात्री १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलावली असेल तर?

केळीबाग_रावेर

पाटी ज्याची, पैसे त्याचे. माझ्या फाटकावर रोमनच आहे आणि राहणार. दिसायला छान दिसतं, बस. भिंतीवरची घड्याळं रोमन आकड्यांची असतात, तिथे कोणाची गाडी चुकली का? बारापर्यंत सगळ्यांना येतं, पुढचं पाचवीच्या गणितात शिकवलंय. न येणाऱ्याने शिकून घ्यावं.

तापीकाठ

भाऊ, घड्याळात आकडे वाचतो कोण? काटा कुठे आहे ते बघतो. सगळे आकडे पुसून टाका, तरी पावणेपाच कळतील. पुरावा हवा असेल तर रोमन आकड्यांच्या घड्याळात चार बघा. नियमाप्रमाणे आय-व्ही हवा, पण बहुतेक तबकड्यांवर आय चारदा असतो. आयुष्यभर वेळ बघणाऱ्यांच्याही ते ध्यानात आलेलं नसतं. प्लॉटला काटा नसतो.

कपाशी_धरणगाव

भाऊ, कपाशीनं पाकीट देख. त्यानावर बीजीना म्होरे दोन उभ्या रेघा शेतस. मना बाप त्याले बीजी अकरा म्हने!

मराठीत सांगतो. बीटी कापूस २००२ ला आला, त्याची दोन जीनवाली पुढची आवृत्ती २००६ ला, तीच बीजी-टू (बीजी म्हणजे बोलगार्ड, बियाण्याचं नाव). त्या दोन रेघा अकरा वाटल्या तर चूक शेतकऱ्याची का लिहिणाऱ्याची? तिथे साधा २ लिहायला कोणी अडवलं होतं?

फार्मसीवाली

थोडी असहमत. 'कशाला' याचं उत्तर काही ठिकाणी अगदी ठोस आहे.

कपाशीदादांच्याच शेतातलं उदाहरण घेते. मोरचूद म्हणजे कॉपर टू सल्फेट. हा टू कंसात रोमनमध्ये लिहितात, कारण तो अणूंची संख्या सांगत नाही, तांब्याची ऑक्सिडेशन स्थिती, म्हणजे तांब्याने किती इलेक्ट्रॉन दिलेत, ते सांगतो. त्याच्या सूत्रात ऑक्सिजनचे चार अणू साध्या अंकात खाली लिहिलेले असतात. दोन्हीकडे सारखेच अंक वापरले तर मुलांचा गोंधळ होईल. रक्त गोठवणारे घटकही तसेच. हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार; त्याच्या ए प्रकारात आठवा घटक कमी असतो, बी मध्ये नववा, आणि ते रोमनमध्येच लिहितात. तिथे आकडा हा मोजणीचा नसतो, नाव असतं. प्लॉट नंबरही मोजणीचा नसतो, नावच असतो. मग तिथे का नको?

वकील_नंदुरबार

ताईंशी सहमत. राज्यघटनेची इंग्रजी प्रत बघा. भाग रोमनमध्ये, अनुच्छेद साध्या अंकांत. मूलभूत हक्क तिसऱ्या भागात, त्यातला अनुच्छेद २१. दोन पातळ्या नजरेला लगेच वेगळ्या कळतात. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्यं आली तेव्हा चारच्या पुढे 'ए' लावून नवा भाग घातला, बाकीच्यांचे नंबर हलले नाहीत.

तापीकाठ

दोघांचं मान्य, आणि धाग्याच्या विरोधात त्यातलं काहीच जात नाही. तुमच्या दोन्ही उदाहरणांत शेजारी साधे अंक आहेत, त्यांच्यापासून वेगळं दिसावं म्हणून रोमन. फाटकावर वेगळं दिसायला दुसरा आकडा आहे कुठे? शिवाय हिमोफिलियाचा आठवा घटक वाचणारा शिकलेला असतो. गल्लीत पत्ता शोधणारा कोणीही असू शकतो.

शून्य_चाळीसगाव

मला आश्चर्य याचं वाटतं, की हा शौक खानदेशात! चाळीसगावजवळ पाटणादेवीला शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला असं त्यात कोरलंय. शून्य आणि स्थानमूल्य ज्या मातीत शिकवलं गेलं, तिथे शून्यच नसलेले आकडे दारावर मिरवायचे? रोमनमध्ये गुणाकार करून दाखवा कोणीतरी.

मास्तर_अमळनेर

अभिमान मलाही आहे, पण हा मुद्दा लंगडा आहे. एक तर रोमन लोक गुणाकार कागदावर करतच नव्हते. हिशेब मणिचौकटीवर, उत्तर तेवढं लिहायचं. दुसरं, भास्कराचार्यांनी स्वतःचं जन्मसाल कसं दिलंय माहीत आहे? 'रसगुणपूर्णमही'. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. उलटीकडून वाचा, शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. एवढा थोर गणिती साधं साल असं कोड्यात सांगतो, तर रावेरच्या भाऊंनी नंबर थोडा सजवला म्हणून काय बिघडलं?

केळीबाग_रावेर

मास्तर, चहा माझ्याकडून.

तापीकाठ

मास्तर, उदाहरण झकास, पण ते माझ्या बाजूचं आहे. त्या कोड्यातही शून्य आहे, आणि एकक, दशक, शतक अशी ओळीने स्थानं आहेत. वृत्तात बसवायचं आणि पाठ व्हायचं, म्हणून शब्द घेतले. फाटकाला वृत्त सांभाळायचं नसतं.

सराफकट्टा

कोणी खाडाखोडीबद्दल बोललंच नाही. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने खातेवहीत नवे अंक वापरायला बंदी घातली होती. शून्याला शेपूट जोडलं की सहा किंवा नऊ होतो, हे त्याचं कारण सांगितलं जातं. रोमनमध्ये तेवढं सोपं नाही.

फार्मसीवाली

सोपं आहे की! शेवटी एक रेघ वाढवली की दोनाचे तीन. म्हणून तर जुने डॉक्टर चिठ्ठीवर गोळ्यांची संख्या लिहिताना शेवटचा आय लांब ओढून त्याचं इंग्रजी 'जे' अक्षर करायचे, पुढे भर घालायला जागा राहू नये म्हणून. रोमनच्या बाजूने बोलतेय, पण हा मुद्दा मला नको. चेकवर 'अक्षरी रुपये' लिहितो त्यापुढे दोन्ही आकडे कच्चेच.

पार्सल_भुसावळ

मी पार्सल वाटतो. तुमची सगळी चर्चा वाचली. आम्ही पाटी वाचत नाही, लोकेशन लावतो आणि फोन करतो.

तापीकाठ

आणि फोन उचलला नाही, लोकेशन मागच्या गल्लीत दाखवलं, तर?

पार्सल_भुसावळ

तर शेजारच्या फाटकावरचा नंबर बघतो आणि मोजत जातो. ३७ साध्या अंकात असला की पुढचं अडतीस. रावेरच्या भाऊंचं त्यामुळेच चालून जातं. भुसावळला एका गल्लीत सात-आठ घरांनी ओळीने रोमन केलंय, तिथली पार्सलं परत जातात.

केळीबाग_रावेर

आमच्या गल्लीत मी एकटाच आहे.

कपाशी_धरणगाव

शेजारीले सांगू नको मंग.