गच्चीवरची शेड: तीन कोटेशनं आणि चार इंच कोबा

(दापोलीतल्या २४ सदनिकांच्या सोसायटीचा ग्रुप, मार्च महिना)

सुर्वे (सचिव): नमस्कार मंडळी. गच्चीवरच्या शेडची तिन्ही कोटेशनं आली, फोटो टाकलेत. गावातले १६५ रुपये चौरस फूट, खेडवाले १८५, चिपळूणवाले २४०. रविवारी संध्याकाळी ५ ला सभा. कृपया वाचून या, मागच्या वेळी सगळ्यांनी सभेतच कागद उघडले होते.

मंदार (बी-२०१, डोंबिवली): यात चर्चा कसली? १६५ सर्वात कमी. गावातल्यांना देऊन टाका. एप्रिलात होऊन जाऊ दे, मे महिन्यात आम्ही येतोच आहोत.

जोशी काकू (बी-३०४): मंदार, तू मे महिन्यात आठ दिवस येतोस. जूनपासून गळतीखाली पातेली मी लावते.

श्रुती (ए-१०३): सुर्वेकाका, मी तिन्ही कागद एका तक्त्यात मांडले. एक गंमत बघा. गच्ची तीच, पण गावातल्यांनी ३१५० चौरस फूट धरलंय आणि बाकी दोघांनी २८२०.

सुर्वे (सचिव): मोजताना मीच टेप धरला होता. ३१५० कुठून आलं?

पाटणे सर (ए-३०१): ते पत्र्यावर पत्रा चढतो तो भागही धरून मोजतात. म्हणजे लागलेला पत्रा मोजायचा, झाकलेली जागा नाही. चूक आहे असं नाही, पण मग दर तसाच शेजारी ठेवून बघता येत नाही.

श्रुती (ए-१०३): हो सर, म्हणून गुणाकार करून पाहिला. गावातले ५,१९,७५०. खेडवाले ५,२१,७००. फरक १,९५० रुपये. 😄 आणि दोघांच्याही कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’. चिपळूणवाल्यांचे ६,७६,८०० जीएसटी धरून आहेत. १८ टक्के घातले की गावातले ६,१३,३०५ आणि खेडवाले ६,१५,६०६.

मंदार (बी-२०१, डोंबिवली): बिल कशाला हवंय? रोखीत करा.

सुर्वे (सचिव): ऑडिट मी देतो मंदार, तू नाही. आणि ७० टक्के ॲडव्हान्स मागतायत गावातले. २०२० ची आठवण आहे ना?

मुकादम भाई (ए-२०२): कोण विसरेल. निम्मे पैसे आगाऊ घेऊन पठ्ठ्याने कागदासारखा पत्रा ठोकून दिला आणि फोन उचलायचं बंद केलं. पण तेव्हा आपणही कुठे विचार केला? ३ जूनला वादळ झालं, लॉकडाउन होतं, पाऊस तोंडावर, आणि पत्रा कुठे मिळत नव्हता. जो पत्रा घेऊन आला तो देव.

जोशी काकू (बी-३०४): आणि आपली आधीची शेड मागच्या वाडीत कलमावर जाऊन पडली होती. अख्खी. पाइपासकट. त्या वाडीवाल्या वहिनी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

(साठे, बी-१०२ यांनी ‘शुभ सकाळ’चा फुलांचा फोटो पाठवला)

पाटणे सर (ए-३०१): काकू म्हणाल्या तो ‘पाइपासकट’ शब्द सगळ्यांनी नीट वाचा. पत्रा फाटला नव्हता. सांगाडा मुळासकट निघाला होता. आपण मात्र तिन्ही कोटेशनांत पत्रा कुठल्या कंपनीचा आणि रंग निळा की विटकरी एवढंच बघतोय. मी आयटीआयमध्ये २८ वर्षं वेल्डिंग शिकवलं, त्यामुळे जरा लांबण लावतो, माफ करा.

वारा वरून दाबतो असं आपल्याला वाटतं. उतरत्या पत्र्यावरून वारा वाहतो तेव्हा तो पत्रा वर ओढतो, आणि शेड चारी बाजूंनी उघडी असल्यामुळे खालूनही ढकलतो. ते २०२० चं ‘निसर्ग’ वादळ किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, झोत त्याहून जोराचे. १२० चा ढोबळ हिशेब मांडला तर चौरस फुटाला सहा किलोच्या आसपास जोर येतो. कोपऱ्यांवर आणि कडांना याहून जास्त. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस फुटाला अर्धा किलोसुद्धा नाही. म्हणजे आपल्या २८२० फुटांवर १६-१७ टनांची ओढ, आणि तिला धरून ठेवायला स्क्रू, वेल्डिंग आणि खालचे बोल्ट. यातलं सर्वात कच्चं जे असेल ते आधी सुटतं. आपलं सर्वात खालचं सुटलं.

मुकादम भाई (ए-२०२): सर, म्हणजे शीडच की. होडीचं शीड कापडाने जात नाही, दोरीने जातं.

पाटणे सर (ए-३०१): तेच.

मंदार (बी-२०१, डोंबिवली): मग पश्चिमेकडची बाजू पत्र्याने बंदच करून टाकू. वारा आत येणारच नाही. पावसाचा सपकाराही थांबेल.

पाटणे सर (ए-३०१): नको. एक बाजू बंद आणि बाकी उघडी ठेवली तर वारा फिरून आला की आत कोंडतो आणि छप्पर उचलतो. छत्री उलटी होते तसं. सगळ्या बाजू उघड्या तरी ठेवायच्या, नाहीतर चारही बाजू नीट बंद करून त्या हिशेबाने सांगाडा जड करायचा. आणि चारी बाजू बंद केल्या की नगरपंचायतीच्या लेखी ती शेड राहणार नाही, मजला होईल.

सुर्वे (सचिव): परवानगीचा अर्ज फक्त पावसाळी शेडसाठी आहे. बाजू बंद करण्याचा विषय इथेच संपला.

श्रुती (ए-१०३): सर, तक्त्यात अजून कुठले रकाने टाकू?

पाटणे सर (ए-३०१): पहिला रकाना, खांब कशावर बसणार. गावातल्यांनी ‘कठड्यावर बेस प्लेट’ लिहिलंय. कठडा विटांचा आहे. कापा लगेच. खेडवाल्यांनी ‘गच्चीवर अँकर बोल्ट’ लिहिलंय. गच्चीवर म्हणजे कशात? आपल्या स्लॅबवर चार इंच कोबा आहे, विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंट. चार इंची बोल्ट मारला तर तो सगळा कोब्यातच राहणार. स्लॅबला स्पर्शही नाही. २०२० मध्ये हेच झालं होतं, मी ती भोकं पाहिलीत, बोल्टांबरोबर कोब्याचे गोळे उपटून आले होते. चिपळूणवाल्यांनी ‘कॉलमच्या जागी कोबा फोडून काँक्रीटचा ओटा, सळया खालच्या कॉलममध्ये केमिकलने बसवणार’ असं लिहिलंय. तिघांत एवढं एकानेच लिहिलंय.

जोशी काकू (बी-३०४): अहो पण कोबा फोडला की माझ्याच डोक्यावर गळणार!

पाटणे सर (ए-३०१): बरोबर भीती आहे काकू. म्हणून ओट्याच्या चारी बाजूंनी वॉटरप्रूफिंग परत करून वाटा (कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर उतार) मारायचा आणि २४ तास पाणी कोंडून दाखवायचं, त्यानंतरच खांब उभा. हे कागदावर हवं. चिपळूणवाल्यांच्याही कागदावर नाही.

दुसरा रकाना, पाइप आणि त्याची जाडी. गावातल्यांचा १.२ मिमी. एवढ्या पातळ पाइपात स्क्रूला आटे धरायला जागाच नसते, ओढला की सुळकन बाहेर. खेडवाले १.६, चिपळूणवाले २.५. मी २ च्या खाली जाणार नाही. आणि कापलेल्या, वेल्ड केलेल्या जागी नुसता रेड ऑक्साइड चालणार नाही, झिंकचा प्रायमर हवा. समुद्र आठेक किलोमीटरवर आहे, खारा वारा तिथूनच खायला सुरुवात करतो.

तिसरा, स्क्रू. मधल्या भागात पत्र्याच्या एक सोडून एक चढावर (उंचवट्यावर) चालेल. वळचणीला, आढ्याला आणि दोन्ही कडांना प्रत्येक चढावर स्क्रू, आणि तिथे पर्लिनमधलं, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पाइपांमधलं, अंतरही कमी. रबरी वायसर चांगला हवा, काळा कडक प्लॅस्टिकसारखा असेल तर दोन उन्हाळ्यांत तडकतो.

पत्रा चौथ्या क्रमांकावर. तिघांनीही ०.५० लिहिलंय. मुलामा आणि रंग धरून ०.५० म्हणजे आतलं पोलाद ०.४५ किंवा त्याहून थोडं कमीच. हे विचारून लिहून घ्या. मुलाम्यात ‘एझेड १५०’ मागा, म्हणजे ॲल्युमिनियम-झिंकचा, चौरस मीटरला १५० ग्रॅमचा.

मंदार (बी-२०१, डोंबिवली): सर, एवढं लिहून घेतलं तर गावातला पळून जाईल.

मुकादम भाई (ए-२०२): जाऊ दे की, आत्ताच पळू दे. वादळानंतर पळण्यापेक्षा बरं.

(हा मेसेज हटवण्यात आला आहे)

साठे (बी-१०२): चुकून इथे आला, सॉरी. गावातला कंत्राटदार माझ्या मेहुण्याचा मित्र आहे, एवढंच म्हणायचं होतं. पोरगा कष्टाळू आहे.

जोशी काकू (बी-३०४): कष्टाळू आहेच. माझ्या गॅलरीचं ग्रिल त्यानेच केलं, सुंदर केलं. पण ग्रिल उडत नाही.

---

(शनिवार)

मुकादम भाई (ए-२०२): मी आणि सर काल हर्णैला जाऊन आलो. तिघांनाही सांगितलं होतं, २०२० च्या जूनआधी केलेलं एखादं काम दाखवा. गावातल्याचा धंदाच त्यानंतरचा, त्यामुळे दाखवायला काही नाही. खेडवाल्यांनी बंदराजवळचा एक बर्फाचा कारखाना दाखवला. चिपळूणवाल्यांनी शाळेची शेड.

पाटणे सर (ए-३०१): दोन्ही छपरं वादळातून वाचलेली. कारखान्याचा सांगाडा ठणठणीत, पण स्क्रूची डोकी गंजून वायसर फुटलेत, मालकाने मधे दोनदा बदललेत. समुद्रालगत आहे, म्हणून मी खेडवाल्याला दोष देत नाही. उलट मालक म्हणाला, फोन केला की दुसऱ्या दिवशी माणूस येतो. शाळेची शेड एकदम सरळ, पण शिपाई म्हणाला, ते लोक काम करून गेल्यावर परत आलेले नाहीत. यायची गरज पडली नाही की बोलावूनही आले नाहीत, ते त्याला सांगता आलं नाही.

जोशी काकू (बी-३०४): हाच माझा प्रश्न. एक स्क्रू गळायला लागला तर चिपळूणहून कोण येणार?

श्रुती (ए-१०३): खेडवाल्यांना सरांची यादी पाठवली होती. कोबा फोडून ओटे, २ मिमी पाइप, कडांना जास्त स्क्रू. त्यांनी दर २०५ केला. २८२० ने गुणून ५,७८,१००, जीएसटीसकट ६,८२,१५८.

मंदार (बी-२०१, डोंबिवली): थांब. म्हणजे २४० वाले ५,००० नी स्वस्त पडतायत?

श्रुती (ए-१०३): ५,३५८.

मंदार (बी-२०१, डोंबिवली): 🙏

सुर्वे (सचिव): चिपळूणवाल्यांशी आत्ताच बोललो. पाणी कोंडून दाखवायला तयार. १० टक्के पैसे गणपती होईपर्यंत आपल्याकडे ठेवायलाही तयार, कुरकुर करून का होईना. दोन वर्षं गळती दुरुस्तीचं लिहून देतायत. फक्त २० एप्रिलच्या आत सुरुवात करायची म्हणतात, मे महिन्यात त्यांच्याकडे माणसं नसतात. मृगाच्या आधी कुठल्याही परिस्थितीत संपवायचं आहे. विम्याच्या पॉलिसीत शेडचा वेगळा उल्लेख करून घ्यायचाही विषय सभेत घेतो, मागच्या वेळी नेमका तिथेच दावा अडला होता.

साठे (बी-१०२): दुरुस्तीचं वार्षिक काम तरी गावातल्या पोराला द्या. वायसर बदलणं, पन्हळ साफ करणं.

जोशी काकू (बी-३०४): हे चांगलं सुचवलंत साठे भाऊजी. तो हाकेवर आहे.

पाटणे सर (ए-३०१): माझी हरकत नाही. पण स्क्रू मी आणून देणार.

सुर्वे (सचिव): ठीक. उद्याची सभा पार्किंगऐवजी गच्चीवर. सरांना एका जागी कोबा फोडून जाडी सगळ्यांना दाखवायची आहे. छिन्नी-हातोडा कोणाकडे आहे?

मुकादम भाई (ए-२०२): मी आणतो.

जोशी काकू (बी-३०४): माझ्या बेडरूमवर नको. ए विंगवर फोडा.