अनुभव धागा: शेवटच्या वर्षाचा गेम प्रकल्प तुम्हाला कसा सापडला?

धागाकर्ती, राजारामपुरी
माझा मावसभाऊ यंदा गेम डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा त्याच्या हातात सिनॉप्सिसचा (प्रकल्पाच्या रूपरेषेचा) कोरा फॉर्म पाहिला आणि आमचे वर्ष आठवले. त्याला पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंतची सगळी वाट गेममध्ये आणायची आहे. कल्पना मला मनापासून आवडते, पण चार जणांना दोन सत्रांत तिच्यातले किती पेलेल, हे आधी ठरवावे लागते. आम्ही फक्त घोडखिंड घेतली होती आणि खेळाडूला एकच काम दिले होते, ते म्हणजे गडावरून तोफा ऐकू येईपर्यंत वाट अडवून धरणे. चित्रे नव्हती, नुसते करडे ठोकळे होते. पहिल्या चाचणीत सगळ्यांची नजर कोपऱ्यातल्या घड्याळाकडेच जात होती. आम्ही ते घड्याळ काढून टाकले, तेव्हा मुले हेडफोन कानावर दाबून तोफेची वाट पाहू लागली, आणि आमचा प्रकल्प खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाला. तुमचा कुठे सुरू झाला?

पंचगंगाकाठ
आमचा 2019 च्या महापुरातून. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या पोरासोरांना पाठ असतात, त्यामुळे नियम शोधत बसावे लागले नाही. संगणकाला हात लावण्याआधी पुठ्ठ्यावर गल्ली आखली आणि दर फेरीला पाणी चढवत गेलो. माणसे वाचवण्याचे आणि जनावरे वाचवण्याचे गुण आम्ही वेगवेगळे धरले होते. शिरोळकडच्या एका दूधवाल्या काकांनी पुठ्ठ्यावरही म्हैस सोडून जायला साफ नकार दिला. त्या दिवशी नियम बदलला: गोठ्याची सोय झाल्याशिवाय घरातला माणूस हलणार नाही. गाईडसमोर आम्ही स्लाइड दाखवल्या नाहीत, पुठ्ठाच मांडला, आणि विषय तिथल्या तिथे मंजूर झाला.

उजळाईवाडी
ताई, भावाला सांगा की छोट्या कल्पनेची लाज बाळगू नये. ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ हा डिजिपेन या अमेरिकेतल्या गेम शिकवणाऱ्या संस्थेच्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प एकमेकांना जोडलेल्या दोन दारांवर उभा होता. तो पाहून व्हॉल्व्ह या गेम कंपनीने त्या टीमला नोकरीवर घेतले आणि 2007 मध्ये त्याच कल्पनेवरचा ‘पोर्टल’ हा गेम आला. ‘आउटर वाइल्ड्स’ या गेमची सुरुवातही दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रबंधातून झाली.

कळंब्याहून
विषयाइतकीच टीम महत्त्वाची असते. एका बाकावरचे चार मित्र चारही प्रोग्रॅमर निघाले तर ध्वनी, चित्रे आणि चाचण्या कोण पाहणार? आम्ही विषय ठरण्याआधीच संगीत शिकणाऱ्या एका मुलीला सोबत घेतले. तिने हलगीच्या लयीवर कुस्तीचे डाव बसवून दाखवले आणि खासबागच्या मैदानावरचा आमचा गेम तिच्या त्या तुकड्यातूनच जन्माला आला. (चटणी वाटता वाटता लिहीत आहे, तालमीतल्या चाचणीबद्दल रात्री सविस्तर लिहीन.)

पंचगंगाकाठ
कळंबेकर, रात्री नक्की लिहा. हलगी ध्वनिमुद्रित केली होती की तयार आवाज वापरले?

कळंब्याहून
तालमीतच ध्वनिमुद्रण केले. तयार आवाजात ती थाप येत नाही.

शाहूपुरी
गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचे सॉफ्टवेअर, कोणते घ्यावे? युनिटी या इंजिनाच्या कंपनीने सप्टेंबर 2023 मध्ये दर इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले आणि वर्षभराने ते मागे घेतले, तेव्हापासून आमच्या वर्गात हा वाद मिटलेला नाही.

गाईड, शेवटचे वर्ष
टीमला जे आधीपासून येते, तेच इंजिन घ्यावे. कोणालाच काही येत नसेल तर गोडो मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि त्याला रॉयल्टी द्यावी लागत नाही. मी विद्यार्थ्यांकडून डिझाइन दस्तऐवजाचे एकच पान आधी मागतो: खेळाडू दर मिनिटाला काय करतो, ते का करावेसे वाटते, आणि वेळ कमी पडला तर सर्वांत आधी काय वगळणार. तिसऱ्या प्रश्नावर टीममध्ये भांडण झाले तर मला बरे वाटते, कारण ते भांडण डिसेंबरमध्ये सबमिशनच्या तोंडावर होण्यापेक्षा जुलैत झालेले परवडते. ते पान आणि खेळता येईल असा कोणताही कच्चा नमुना आणला की आमच्याकडे सिनॉप्सिसवर सही होते.

धागाकर्ती, राजारामपुरी
सर, हे तीन प्रश्न भावाला आत्ताच पाठवते. काय वगळायचे यावर त्याच्या टीममध्ये अजून बोलणेच झालेले नाही.