'मेसेज मुळात कुणी पाठवला' हे एन्क्रिप्शन न मोडता सांगता येतं का?

रानजाई:
आयटी नियम २०२१, नियम ४(२): ५० लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेने आदेश आला की 'पहिला पाठवणारा' सांगायचा. मजकूर द्यावा लागणार नाही, हेही त्यातच आहे. मग व्हॉट्सॅप दिल्ली उच्च न्यायालयात कशाला गेलं? नुसतं नाव सांगितलं तर एन्क्रिप्शनचं, म्हणजे मजकुरावरचं, कुलूप कुठे मोडतं?

बिटकुळी:
नाव सांगायला ते आधी ठाऊक तर हवं! प्रत्येक मेसेजची किल्ली वेगळी. एकच 'शुभ सकाळ' दहा जणांना धाडा, सर्व्हरला दहा वेगळी गिचमिडं दिसतात. फॉरवर्डच्या दुहेरी बाणाची मोजणीसुद्धा फोनच करतो, आकडा कुलूपबंदच जातो.

चर्चेतला उपाय असा: प्रत्येक मेसेजचा हॅश (मजकुरातून गणिताने निघणारा ठसा; तोच मजकूर, तर तोच ठसा) काढून पाठवणाऱ्याशी जोडून ठेवायचा. उद्या कुठला विचारतील माहीत नाही, म्हणून सगळ्यांचे सगळे. आता 'उद्या चौकात जमा' याच्यापुढे एक टिंब द्या, एसएचए-२५६ पद्धतीने काढलेला हॅश पूर्ण वेगळा येतो. ज्याला सुटायचंय तो टिंब देऊन सुटला. उलट बाजू जास्त वाईट: नेहमीच्या वाक्यांचे हॅश आधीच काढून यादीशी ताडले की कोण काय बोललं ते कळतं. मजकूर न देण्याची सवलत मग कागदावरच.

खोडरबर:
मला वेगळंच खुपतं. मूळ पाठवणारा परदेशात असेल तर भारतातला पहिला तोच 'पहिला' मानायचा, असं नियम म्हणतो. दुबईहून आलेला व्हिडिओ नाशिकच्या मेहुण्याने पुढे ढकलला की खापर मेहुण्यावर. दुसरीकडून उचलून चिकटवणाऱ्याचंही तेच. पहिला पाठवणारा म्हणजे लिहिणारा नव्हे.

२०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात आयआयटी मद्रासचे प्राध्यापक कामकोटी यांनी मेसेजसोबतच मूळ पाठवणाऱ्याची खूण जोडायचं सुचवलं होतं. त्यावर आयआयटी मुंबईच्या मनोज प्रभाकरन यांनी आक्षेप घेतला. ॲपमध्ये फेरफार केला की खूण खोटी घालता येते, हे उघड आहे.

कलमबहाद्दर:
कायद्याची बाजू राहिली. आयटी कायद्याचं कलम ६९ (सरकारला संदेश टिपायचा, उघडून मागायचा अधिकार) आणि त्याखालचे २००९चे नियम: एरवी आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा, मुदत ६० दिवस, वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस. पण नियम १३ नीट वाचा. कंपनीने स्वतः एन्क्रिप्ट केलंय किंवा किल्ली तिच्या ताब्यात आहे, तेवढंच उघडून मागता येतं. एंड-टू-एंडमध्ये, म्हणजे फक्त दोन टोकांना उघडणाऱ्या कुलुपात, किल्ली फोनमध्येच, म्हणून तर ४(२)चा आटापिटा.

टेलिग्राफ कायद्याच्या कलम ५(२)मध्ये 'सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षितता' ही अट होती. तिच्याच आधारे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाच प्रकरणातले फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. कलम ६९मध्ये ती अटच नाही.

रानजाई:
म्हणजे तपासात चॅट हाती लागतात ते कुठून?

बिटकुळी:
जप्त फोन आणि बॅकअप. व्हॉट्सॅपचा गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आपोआप एंड-टू-एंड नसतो. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू करा. पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली विचारेल. ६४ अंकी घेतलीत तर कागदावर लिहा. हरवली की कंपनीही परत देऊ शकत नाही.

रानजाई:
आणि ग्रुपमध्ये चाळीसपैकी एकानेच चालू केलं नाही तर?

बिटकुळी:
मग चाळिसांचंही तिथे आहेच.