जॉकी पंप (आगीच्या पाण्याच्या लाईनमधला दाब टिकवणारा छोटा पंप) सारखा चालू-बंद होतोय. अग्निशमन दल आलं तर आमची लाईन कामाला येईल का?

सोसायटी_सचिव (पुणे):
नमस्कार मंडळी. स्टिल्ट अधिक ११ मजले, उंची सुमारे ३५ मीटर. वेट रायझर (सगळ्या मजल्यांवर जाणारा, कायम पाण्याने भरलेला उभा पाईप) आहे. पंपरूममध्ये मिनिटाला २२८० लिटरचा मेन पंप, डिझेल स्टँडबाय पंप आणि मिनिटाला १८० लिटरचा जॉकी. कुठलाही व्हॉल्व्ह उघडा नसताना जॉकी दर आठ-दहा मिनिटांनी सुरू होतो. एजन्सीने प्रेशर स्विचचं (दाब उतरला की पंप सुरू करणारा स्विच) सेटिंग खाली आणलं, तेवढ्यापुरता फरक पडला. जुलैचा फॉर्म बी (यंत्रणा चालू असल्याचं दर सहा महिन्यांचं प्रमाणपत्र) द्यायचाय. नेमकं काय तपासून घ्यावं?

पंपरूम_मेकॅनिक:
सेटिंग आधी पूर्ववत करून घ्या. सर्वात वरच्या हायड्रंटला (होज जोडायचा नळ) ३.५ किलो (प्रति चौरस सेंमी) दाब मिळायला हवा. ३५ मीटर चढायलाच ३.५ किलो जातात, त्यात पाईपमधली घट धरली तर हेडरला (पंपरूममधला सगळे पंप जोडलेला मुख्य पाईप) साडेसात किलोच्या आसपास लागतात. स्विच खाली आणला की जॉकी गप्प बसतो, पण वरच्या मजल्यावर नुसती धार पडते.

आता गळती शोधा. तिन्ही पंपांचे सिलेक्टर (ऑटो-मॅन्युअल-ऑफ स्विच) ऑफ करा, नाहीतर दाब उतरताच मेन सुरू होईल. रायझरकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि हेडरच्या गेजवर पंधरा मिनिटं लक्ष ठेवा. काटा उतरला तर दोष पंपरूममध्येच आहे: बहुधा एखादा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) पाणी मागे सोडतोय किंवा टेस्ट लाईनचा (चाचणीचं पाणी टाकीत परत सोडणारा पाईप) व्हॉल्व्ह नीट बसत नाही. टाकीचं झाकण उघडून टेस्ट लाईनच्या तोंडातून पाणी पडतंय का, ते बॅटरीच्या उजेडात बघा. काटा जागेवर राहिला तर गळती पुढे, रायझर किंवा यार्डच्या (इमारतीभोवतीच्या आवारातल्या) लाईनमध्ये.

झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, उघड्या स्थितीत साखळी-कुलूप लावा आणि तिन्ही सिलेक्टर ऑटोवर आणा. इथेच घोळ होतो. सर्व्हिसिंगनंतर मॅन्युअलवर राहिलेला पंप आगीच्या वेळी आपोआप उठत नाही.

निवृत्त_स्टेशन_ऑफिसर:
वरचं सगळं बरोबर. दलाच्या बाजूने जे अडतं, ते सांगतो.

पंपाची वीज मेन स्विचच्या आधीपासून स्वतंत्र घेतली आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. आग लागली की इमारतीची वीज तोडली जाते. पंप त्याच स्विचवर असेल तर तोही जातो. मग डिझेलवर भिस्त, आणि त्याची बॅटरी उतरलेली असते. दर आठवड्याला दहा मिनिटं चालवा.

दोन्ही पंप गेले तर आमची गाडी इनलेटमधून (गाडीचा होज जोडायचं बाहेरचं तोंड) थेट रायझरला पाणी देते. बाहेरच्या भिंतीवर बहुतेक दोन इनलेट असतात, एक टाकी भरणारा, एक रायझरचा. रंगकाम झालं की पाट्या जातात किंवा उलट्या लागतात. मग पाणी टाकीत जात राहतं आणि वर जवान कोरडा होज धरून उभा. पाईपचा माग काढून पाट्या मराठीत रंगवून घ्या. इनलेटच्या टोप्या हाताने निघाल्या पाहिजेत. पितळ चोरीला जातं, आत प्लास्टिक कोंबलेलं सापडतं.

होज बॉक्समध्ये ६३ मिमीचे १५ मीटरचे दोन होज आणि ब्रँच (होजच्या टोकाची पाणी मारायची नळी) हवी. लँडिंग व्हॉल्व्हच्या (मजल्यावरचा हायड्रंट) तोंडातला रबर वॉशर दाबून बघा. कडक झाला असेल तर कपलिंग गळतं. होज सहा महिन्यांनी घडी बदलून ठेवा, एकाच घडीवर तो चिरतो. रहिवाशांना मात्र हा होज देऊ नका, दाबाखाली तो एकट्याला आवरत नाही. त्यांच्यासाठी होज रील (चाकावर गुंडाळलेला बारीक पाईप) आहे.

गेटपासून इमारतीपर्यंत ६ मीटर रस्ता मोकळा, कमान असेल तर तिची उंची निदान ४.५ मीटर. पाहुण्यांच्या गाड्या याच पट्ट्यात लागतात. १०१ ला फोन करताना सोसायटीचं नाव, जवळची खूण, विंग, मजला, काय पेटलंय, कुणी अडकलंय का आणि कोणत्या गेटने यायचं, एवढं सांगा. ऑपरेटरने ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका.

सोसायटी_सचिव (पुणे):
मनापासून धन्यवाद. सेटिंग पूर्ववत करून घेतलं. काटा जागेवरच राहिला. सगळ्या मजल्यांवर फिरलो, कुठेही ओल नाही.

पंपरूम_मेकॅनिक:
मग यार्ड हायड्रंटची जमिनीखालची लाईन बघा. कोटिंग टेप न लावता पुरलेला लोखंडी पाईप काही वर्षांत सडतो आणि पाणी मातीत मुरतं, वर थेंब दिसत नाही. यार्डचा व्हॉल्व्ह बंद करून रायझर एकटा चालू ठेवा; जॉकी थांबला तर नक्की तीच. बदलताना पाईप शक्य तिथे कंपाउंडच्या भिंतीवरून सपोर्टवर न्या, जमिनीत पुरावाच लागला तर ४ मिमी कोटिंग टेप गुंडाळून.

निवृत्त_स्टेशन_ऑफिसर:
काम चालू असताना लाईन बंद ठेवावी लागली तर जवळच्या केंद्राला लेखी कळवा. फॉर्म बी वर सही घेण्यापूर्वी लायसन्सधारक एजन्सीला गच्चीवरच्या हायड्रंटवर गेज लावून, पंप चालू असताना वाहत्या पाण्याचा दाब दाखवायला सांगा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादारांवर आहे, एजन्सीच्या सहीने ती संपत नाही.